‘धा’चा धनी

शेजाऱ्याच्या माडाचा नारळ आपल्या परड्यात पडला, तर तो कोणाचा? हा प्रश्न ज्याला क्षुल्लक वाटतो त्यानं कोकणात जमीन घेऊ नये. जगातल्या थोर तत्त्ववेत्त्यांनी सत्य म्हणजे काय, आत्मा म्हणजे काय, असल्या सोप्या प्रश्नांवर आयुष्यं घालवली, याचं कारण त्यांच्या शेजारी माड नव्हते. माड त्याचा, जमीन माझी आणि नारळ दोघांच्याही बापाला न विचारता पडलेला. शेंड्यापासून जमिनीपर्यंतचे ते दीड-दोन सेकंद नारळ कोणाच्या मालकीचा असतो, यावर आमच्या कुडाळ तालुक्यात दोन दोन पिढ्या एकमेकांशी न बोलता राहिलेल्या आहेत. मी बी.कॉम. आमच्या अभ्यासक्रमात येणं होतं, देणं होतं, पण नारळ नव्हता. तरी माझं आपलं एक मत आहे. ज्याच्या परड्यात पडला त्यानं तो शेजाऱ्याकडे नेऊन द्यावा आणि शेजाऱ्यानं ‘असूं दे हो तुमच्याकडेच’ म्हणून परत पाठवावा. हे कुठल्या कायद्यात बसत नाही, सोलकढीत बसतं.

आता नारळाचं एक बरं असतं की तो एकाच परड्यात पडतो. आवाजाचं तसं नाही. शेजारी खोकला तर तो खोकला माझ्या घरात येतो, आणि आजवर मी तो कधी परत नेऊन दिलेला नाही. पण समजा, मी तो खोकला धरून ठेवला, त्याचं वाद्य केलं आणि त्यावर भैरवी वाजवली, तर ती भैरवी कोणाची?

तुम्ही म्हणाल, ह्याला कॅश मोजून मोजून भ्रम झाला. तसं नव्हे. आमच्याकडे भाचा राहायला आला आहे.

भाचा पुण्यात इंजिनिअर. कंपनीनं घरून काम करायची सवलत दिली. स्वतःच्या घरी आईबाप कामं सांगतात म्हणून तो मामाच्या घरून काम करतो. दिवसा काय करतो ते त्याला आणि कंपनीला माहीत. रात्री मात्र तो वाद्यं बनवतो. लाकूड नाही, तार नाही, कातडं नाही. एक लॅपटॉप, एक मायक्रोफोन आणि पेटीच्या पट्ट्यांसारख्या पट्ट्या असलेली एक फळी. कुठलाही आवाज रेकॉर्ड करायचा, त्याचं पुढचंमागचं कापून टाकायचं आणि तो एकेका पट्टीवर बसवायचा. पट्टी दाबली की आवाज वाजतो. हे करणाऱ्या सॉफ्टवेअरला सॅम्पलर म्हणतात. सॅम्पल म्हणजे नमुना. हा शब्द नेमका कोणाला लागू पडतो याबद्दल आमच्या हिचं मत वेगळं आहे.

पहिल्या महिन्यात त्यानं विहिरीचा रहाट, एस.टी.चा हॉर्न आणि आमचा प्रेशर कुकर यांची वाद्यं केली. कुकर सुरात निघाला. मग गणपतीला सासूबाई आल्या. त्या परसात उभ्या राहून ‘गोऽऽ बाऽऽय’ अशी हाक मारतात ती भंगसाळ नदीच्या पलीकडे ऐकू जाते, असा माझा अंदाज आहे. भाच्यानं ती हाक पकडली आणि संध्याकाळी ओटीवर बसून वाजवायला घेतली. वरच्या सप्तकात सासूबाई सहा वर्षांच्या झाल्या आणि खालच्या सप्तकात कैलासवासी सासरेबुवा.

‘‘ह्यो कोण मेलो माझ्या आवाजान रडता?’’ सासूबाई आतून आल्या. भाच्यानं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘माझो आवाज घेतलंस, पण माका इचारलंस काय?’’

हा प्रश्न आमच्या घरात तेव्हापासून उभा आहे. सासूबाई चतुर्थी आटोपून गेल्या, प्रश्न राहिला.

पण आधी हाक वर नेली की सासूबाई लहान का होतात, ते सांगतो, कारण संपूर्ण संगीतशास्त्रात मला कळलेली ही एकच गोष्ट आहे. पेटीची प्रत्येक पट्टी, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून, आधीच्या पट्टीपेक्षा 5.946 टक्क्यांनी उंच असते. बारा पट्ट्या चढलात की आवाज बरोबर दुप्पट उंच. आता 72 ला बारानं भागा. सहा. सहा टक्क्यांच्या आसपास पैसे दामदुप्पट व्हायला बारा वर्षं लागतात, हे मी काउंटरवर रोज सांगतो. म्हणजे पेटी ही दुसरं तिसरं काही नसून चक्रवाढ व्याजाचा तक्ता आहे! मला हे कळलं त्या रात्री झोप आली नाही. बी.कॉम.ला चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या सरांनी पेटी आणली असती तर आम्ही फर्स्ट क्लासात आलो असतो. फक्त एक फरक आहे. सरळ साध्या पद्धतीनं आवाज उंच करायचा तर तो भरभर वाजवावा लागतो. दहा सेकंदांची हाक सप्तकभर वर नेली की पाच सेकंदांत संपते. ठेव मोठी होते, मुदत घटते. असली योजना बँकेनं काढली तर बाहेर रांग लागेल.

हे वेडही काही नवीन नाही. 1963 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन नावाची पेटी निघाली. तिच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत. पट्टी दाबली की फीत धावायची, आठेक सेकंदांत संपायची, बोट उचललं की स्प्रिंगनं मागे जायची. (आठ सेकंदांत आमचे भजनी बुवा खाकरूनही होत नाहीत.) बीटल्स मंडळींच्या 1967 सालच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गाण्याच्या सुरुवातीला ज्या बासऱ्या ऐकू येतात त्या ह्या पेटीतल्या. कोणा बासरीवाल्यांनी कधीतरी एकेक सूर फुंकून दिला, सही करून घरी गेले, आणि त्यांचे सूर जगभर फिरले. मग 1979 साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोघांनी फेअरलाइट नावाचा संगणक काढला, त्यात फीतही गेली. आवाज आकड्यांत आला. कॉम्पॅक्ट डिस्कच्या हिशेबानं सांगायचं तर एका सेकंदाच्या आवाजाच्या 44,100 नोंदी. मार्चअखेरीलाही आमच्या शाखेत एवढ्या होत नाहीत. आज ते सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरात होतं, आणि वरातीत बँजो पार्टीच्या गळ्यात ते आठ चौकोनांचं ऑक्टोपॅड असतं त्यातही ढोल, ढोलकी, तबला असे पाचपंचवीस वाजवणारे वाढून ठेवलेले असतात.

मी भाच्याला म्हटलं, ‘‘हे खरं वाजवणं नव्हे.’’

भाच्याकडे मोबाइल आहे, त्यामुळे त्याच्याशी वाद घालणं अवघड. ‘‘मामा, आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली होती, ती 1971 पर्यंत. हे आपलं वाद्य नव्हे, ह्याच्यात मींड निघत नाही म्हणून. आज पेटीशिवाय एक भजन दाखवा.’’ मी गप्प. ‘‘आणि परवानगीचंच म्हणत असाल तर पखवाजाच्या पुडीवर बोकडाचं कातडं असतं. त्या बोकडाला कोणी विचारलं होतं?’’

त्या दिवशी जेवायला मटण होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही.

पखवाजाचं नाव निघालं ते उगाच नव्हे. आमच्या वाडीत एक पखवाजी काका होते. तरुणपणी दशावतारी कंपनीत वाजवलेले. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. पात्रं उभ्याउभ्या बोलतात आणि रात्रभर बोलतात. राक्षस उडी कधी मारणार हे राक्षसालाच ठाऊक नसतं, पखवाजवाल्याला मात्र क्षणभर आधी कळावं लागतं. काका राक्षसाच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत वाजवायचे. पुढे जागरणं झेपेनात तेव्हा वाडीच्या भजनात आले, तिथे बुवांचा अंगठा मांडीखाली असल्यामुळे त्यांची थोडी पंचाईत व्हायची.

भाच्यानं ह्या काकांचा पखवाज ‘घ्यायचा’ ठरवलं. ह्या खेपेला त्यानं विचारलं; सासूबाईंचा तेवढा उपयोग झाला. आषाढाचा महिना, बाहेर धो धो, लाइट गेलेले, लॅपटॉप बॅटरीवर. काकींनी कणीक मळून दिली. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी दर वेळी ओली कणीक लावतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. काकांनी ती थापली, पुडी चाचपली, हवा ओली म्हणून वादी जरा खेचली आणि बसले.

‘‘आजोबा, एकच ‘धा’ मारा आणि थांबा.’’

काकांनी ‘धा’ मारला, आणि हात आपोआप पुढे गेला. दिं ता किट धा.

‘‘नाही आजोबा, एकच.’’

‘‘नुसतो ‘धा’? आनी फुडे काय?’’

‘‘पुढे काही नाही. आवाज पूर्ण विरेपर्यंत गप्प बसायचं.’’

‘‘माका वाजवक शिकवल्यानी, थांबाक कोणी शिकवक नाय,’’ काका म्हणाले. तरी थांबले. पाचसहा वेळा नुसता ‘धा’ मारून, तो विरेपर्यंत श्वास धरून बसल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी जेवायला बोलावून मीठ तेवढं चाखायला दिलं.

मग निराळीच गंमत. सॅम्पलरमध्ये एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजवला तर तो मशिनगनसारखा वाटतो, कारण खरा माणूस तोच ठोका दोनदा तसाच मारत नाही. म्हणून प्रत्येक बोलाचे हलके, मध्यम, जोराचे असे प्रकार घेतात, आणि प्रत्येक प्रकाराचे पुन्हा चारपाच नमुने. सॉफ्टवेअर ते आळीपाळीनं वाजवतं. काकांना वाटलं, पोरगा पुन्हा पुन्हा मारायला लावतो म्हणजे आपलं काहीतरी हुकतंय. ते जिवाच्या आकांतानं तोच ठोका तसाच मारायला बघत होते, प्रत्येक वेळी तो निराळा पडत होता, आणि भाच्याला नेमकं तेच हवं होतं. पन्नास वर्षं वाजवलेल्या हाताला एकच गोष्ट दोनदा करता येत नाही, यासाठी मी कोणाची एवढी तारीफ झालेली पाहिली नव्हती. बँकेत अशा हाताच्या माणसाचा चेक परत जातो.

तीन तास चाललं. काकांनी मोबदला म्हणून चहा दोनदा आणि भाच्यानं नेलेली अर्धा किलो खाजी घेतली. भाच्यानं पुढे आठवडाभर बसून प्रत्येक ठोक्यामागचा पाऊस पुसून काढला. पूर्ण पुसला गेला नाही. हलक्या ‘ना’च्या शेवटी कान दिला तर कौलांवरची सर अजून ऐकू येते.

मार्गशीर्षात काका गेले.

त्यानंतरच्या चतुर्थीला भजनी मंडळाची अडचण झाली. काकांच्या मागे वाजवणारा पोरगा मुंबईला कामाला, त्याला रजा मिळाली नाही. पखवाजाशिवाय भजन म्हणजे तिखटाशिवाय उसळ. शेवटी भाचा लॅपटॉप आणि ठोकायच्या रबरी चौकोनांची पाटी घेऊन बसला. कोणी नाकं मुरडली, पण पहिली थाप पडली आणि बुवांनी मान फिरवून बघितलं. काकांचाच ‘धा’. तोच भारदस्त, थोडा ओलसर. आषाढातल्या त्या दुपारची कणीक त्याला कायमची लागली होती. घरोघर फिरत भजन काकांच्या घरी पोचलं. काकी माजघराच्या दाराशी बसून ऐकत होत्या. मला धाकधूक होती की त्यांना रडू फुटेल. त्या रडल्या नाहीत. आरती झाली, उसळपाव आला, तेव्हा भाच्यानं भीत भीत विचारलं, ‘‘आजी, कसं वाटलं?’’

‘‘हात ह्यांचोच असा,’’ काकी म्हणाल्या. ‘‘पण एकदाव चुकाक नाय. म्हणजे हे नव्हेत.’’

मग पावाची टोपली घेऊन पुढच्या माणसाकडे गेल्या.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. वाजवलं कोणी? भाच्यानं म्हणावं तर त्याच्या बोटांना ‘धा’ येत नाही. काकांनी म्हणावं तर त्यांनी त्या अभंगाला एकही थाप मारलेली नाही. माझं तत्त्वज्ञानाचं वाचन शाखेत येणाऱ्या परिपत्रकांपुरतं असल्यामुळे मी विचारही तसाच करतो. आमच्याकडे खातं उघडताना सहीचा नमुना घेतात. पूर्वी कार्डावर असायचा, आता स्कॅन होऊन पडद्यावर येतो. तो नमुना म्हणजे सही नव्हे. त्या माणसानं त्या दिवशी, त्या कागदावर, तेवढ्या रकमेसाठी पेन उचललं पाहिजे. पडद्यावरची सही उचलून मी चेकावर चिकटवली तर ती हुबेहूब त्याचीच असेल, आणि मी तुरुंगात असेन. रबरी शिक्क्याची सहीसुद्धा चालते, पण त्यासाठी ग्राहकाकडून वेगळं लेखी घ्यावं लागतं. काकांनी दिला होता तो नमुना होता. बरं, नमुना देताना ‘वाजव’ म्हणून दिला होता हे खरं, पण काय वाजव, कुठे वाजव, हे कुठे बोलणं झालं होतं?

आणि दुसरी गोष्ट आणखी वाईट. ग्राहक वारल्याचं बँकेला कळलं की त्याच्या सहीचा चेक आम्ही वटवत नाही. सही अस्सल असो, तारीख तो हयात असतानाची असो, खात्यात पैसे असोत; माणूस गेला, अधिकार संपला. नोकरीला लागलो तेव्हा मला हा नियम निर्दय वाटायचा. काउंटरवर विधवा बाई उभी असते, हातात नवऱ्यानं परवा लिहिलेला चेक असतो, आणि आपण ‘नाही’ म्हणायचं. पण मेलेल्या माणसाला ‘हे मी म्हटलं नव्हतं’ असं सांगायला येता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कोणीतरी हात आखडता घ्यावा लागतो.

मोठ्या माणसांनाही हे प्रश्न पडले आहेत. 2024 साली अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि आपल्या आवाजाची यंत्रातून नक्कल करणाऱ्यांना त्यांनी मनाई हुकूम आणला. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ ह्या तमिळ चित्रपटातल्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद ह्या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून घडवून वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला, असं त्यांनी जाहीर सांगितलं. इथून तीन-चार किलोमीटरवर पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघायचा योग मला बऱ्याचदा येतो (तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली). बाहुलीचा आवाज बाहुलीचा नसतो, हे समोर बसलेल्या पोरालाही माहीत असतं, कारण बोलणारा तिथेच असतो. सुतावरून वर गेलं की माणूस सापडतो. काकांच्या ‘धा’चं सूत मात्र आता भाच्याच्या लॅपटॉपात जातं, आणि हा लॅपटॉप पुढे इंटरनेटला जोडलेला.

कारण भाच्यानं ते वाद्य मध्यंतरी इंटरनेटवर विकायला ठेवलं होतं. हे मला नंतर कळलं. कोणी जर्मनीत घेतलं, कोणी चेन्नईत. उद्या काकांचा ‘धा’ एखाद्या साबणाच्या जाहिरातीत वाजेल. मी भाच्याला एवढंच म्हटलं, ‘‘नारळ ज्याच्या परड्यात पडला त्यानं नेऊन द्यावा.’’ इंजिनिअर असला तरी कोकणातला आहे, समजला. आम्ही दोघं काकींकडे गेलो.

काकींनी इंटरनेट म्हणजे काय ते विचारलं नाही. वाजतो कुठे आणि पैसे किती, एवढंच विचारलं. मग त्यांनी अटी घातल्या, त्या कुठल्याही अधिकारपत्रात जशाच्या तशा घालाव्यात इतक्या स्वच्छ होत्या. भजनाला वाजव, पैसे नको. दशावताराला कोणी मागितला तर आनंदानं दे, ‘‘ह्यांका बरा वाटात.’’ परगावच्यांनी विकत घेतला तर घेऊ दे, पैशांत अर्धा वाटा. वरातीत नको, दारू पिऊन नाचतात. आणि डबलबारीला तर अजिबात नको.

‘‘डबलबारीक कित्याक नको?’’ मी विचारलं.

‘‘थंय समोरचो बुवा ह्यांका बोललो होतो. इस वर्सां झाली.’’

भाच्यानं हे सगळं लिहून घेतलं. जे नमुने आधीच जर्मनीला गेले त्यांचं काय करायचं हा प्रश्न तसाच आहे. वटलेला चेक परत मागवता येत नाही. दुकानातून मात्र त्यानं वाद्य उतरवलं आणि काकींच्या अटी वर लिहून पुन्हा चढवलं. जर्मन माणसाला ‘डबलबारी’ काय कळणार देव जाणे.

गेल्या महिन्यात भाचा 1,860 रुपये घेऊन माझ्या काउंटरवर आला. ‘‘आजोबांच्या खात्यात भरा.’’ मी सांगितलं, ते खातं बंद झालं, हिशेब काकींना मिळाला. मेल्यानंतर येणाऱ्या पैशांचीही बँकेत सोय असते, ‘कैलासवासी अमुक यांची इस्टेट’ अशा नावाचं खातं काढून त्यात जमा करता येतात, पण इथे त्याची गरज नव्हती. काकींच्याच नावानं खातं उघडायचं ठरलं. त्या आल्या, नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत आधार कार्ड आणि माझ्यासाठी चार कोकम. फॉर्म मी भरला. नमुन्याच्या तीन सह्यांपाशी त्यांनी पेन हातात घेतलं, बोटं थोडी झटकली आणि सह्या केल्या. पहिलीत वेलांटी ऱ्हस्व, दुसरीत दीर्घ, तिसरीत आडनावाचं शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.

‘‘चुकला काय रे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘चलतला काकी,’’ म्हटलं, आणि तिन्ही स्कॅन करून घेतल्या.